भंडारदऱ्याचा रिंगरोड सायकलवर : अंतर थोडं, चढ फार

भंडारदरा, ता. अकोले : पावसाळा उघडला की शनिवार-रविवारी शेंडीच्या चौकात सायकलवाले दिसायला लागतात. कुणी नाशिकहून घोटी-बारी मार्गे येतं, कुणी संगमनेरहून, कुणी मुंबईहून गाडीच्या मागं सायकल बांधून. 2015 साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिका आडवी पार करायची रेस पूर्ण केली. त्यानंतर आपल्याकडं हे वेड वाढलेलं दिसतं. चहा पिताना यातले बरेच जण एकच प्रश्न विचारतात, "काका, जलाशयाला फेरा मारायचाय, किती वेळ लागंल?"

अंतर विचारलं तर सोपं आहे. शेंडी, मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत आणि परत शेंडी. फाट्यांना आत-बाहेर किती केलं त्यावर चाळीस ते पन्नास किलोमीटर भरतात. सपाटीवर रोज सत्तर-ऐंशी मारणारा गडी म्हणतो, दोन-अडीच तासांचं काम. दहाला निघतो आणि मग दुपारी तीन वाजता साम्रदच्या अलीकडं सायकल ढकलत असतो. बाटलीतलं पाणी संपलेलं, फोनला रेंज नाही. असे गडी दरवर्षी भेटतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

हा रस्ता इतका दमवतो का, हे कळायला धरणाकडं बघावं लागतं. प्रवरा नदी रतनगडाच्या पायथ्याशी उगम पावते. तिच्यावर इंग्रजांनी 1910 साली बांध घालायला घेतला तो 1926 ला पुरा झाला. विल्सन डॅम म्हणतात तो हाच. दगडी बांधकाम, उंची 82 मीटर, साठा 11 टीएमसी. मागं पाणी चढलं ते डोंगराच्या खाचाखाचांत शिरलं. वरच्या रांगेतून उतरणारा प्रत्येक ओहोळ जलाशयाला मिळतो तिथं पाण्याचं एक बोट आत घुसलेलं आहे. रस्ता या बोटांना वळसा घालत जातो. म्हणजे नाल्यात उतरायचं, मोरीवरून पलीकडं जायचं, लगेच सोंडेवर चढायचं, परत पुढच्या नाल्यात उतरायचं. समोरच्या काठावरचं गाव हाक मारली तर ऐकू जाईल इतकं जवळ दिसतं आणि रस्त्यानं तिथं पोचायला तास जातो.

कसारा घाट किंवा चंदनापुरी घाट कसा, एकदा चढला की संपला. इथं तसं नाही. कुठलाच चढ फार लांब नाही, पण संपतही नाही. सायकलवाल्यांच्या भाषेत याला एकूण चढाई म्हणतात. शंभर मीटर जाताना रस्ता दहा मीटर वर गेला तर तो दहा टक्के चढ. माणूस आणि सायकल मिळून नव्वद किलो धरा. नव्वद किलोचं ओझं दहा मीटर, म्हणजे तीन मजले, उचलून नेल्यासारखंच झालं. असं दिवसभरात किती वेळा होतं ते मोजत बसू नका, मांड्या आपोआप मोजतात. उतारावर कमावलेला वेग मोरीवरच्या खड्ड्याला वाया जातो, त्यामुळं पुढचा चढ शून्यापासून सुरू करावा लागतो.

आधी कुठली बाजू धरायची?

माझं मत स्पष्ट आहे. शेंडीहून धरणाच्या खालच्या अंगानं निघून मुतखेल-रतनवाडीची बाजू सकाळी धरावी आणि घाटघर-उडदावण्याकडून परत यावं. रतनवाडी ते साम्रद हा सगळ्यात जड तुकडा आहे. रान दाट, वस्ती तुरळक, रस्ता कुठं चांगला कुठं उखडलेला. तो ऊन चढायच्या आत, पायात दम असताना उरकावा. परतीच्या बाजूला घरं जास्त, वाहनांची ये-जा जास्त. दमलेल्या माणसाला हीच बाजू शेवटी असलेली बरी.

दुसरं एक कारण आहे. अशा दिशेनं गेलं की पाणी कायम उजव्या हाताला राहतं आणि डोंगर डाव्या हाताला. आपण डावीकडून चालवतो, म्हणजे दरीच्या कडेनं न जाता डोंगराच्या कुशीतून जातो. नवख्याला यानं धीर येतो. पण यात एक खोट आहे. डोंगराकडच्या कडेलाच शेवाळ धरतं, गटाराचं पाणी तिथंच वाहतं, वरून सुटलेले दगडगोटे तिथंच येऊन पडतात. पावसाळ्यात कडेपासून हात-दीड हात आत राहून चालवावं.

दोन्ही बाजूंना वनविभागाचे नाके आहेत. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा, 1986 साली जाहीर झालेला, क्षेत्र 361 चौरस किलोमीटर. नाक्यावर नोंद करावी, पावती घ्यावी, आणि मुख्य म्हणजे कुठल्या बाजूनं निघालो ते सांगून ठेवावं. त्याला काही पैसे पडत नाहीत.

सकाळी साडेसहाला शेंडी सोडली तर मुतखेलपर्यंत अंग गरम होतं. पाणी सोडलेलं असलं तर धरणाच्या पायथ्याला अंब्रेला फॉल कोसळताना दिसतो, पण तिथं रेंगाळू नये, फोटो परतीला काढावेत. कोलटेंभ्याच्या पुढं डोंगर जवळ येतात आणि रतनवाडीत अमृतेश्वराचं देऊळ. काळ्या दगडातलं हेमाडपंती काम, बाहेरच्या भिंतीवर बारीक कोरीव नक्षी, जवळ पुष्करणी. झंझ राजानं बारा नद्यांच्या उगमाशी बारा शिवालयं बांधली, त्यातलं हे एक, असं सांगितलं जातं. जोराच्या पावसात गाभाऱ्यात पाणी भरतं, पिंड पाण्याखाली जाते. देवळाशी अर्धा तास बसावं, इथं पोटभर खाऊन घ्यावं. भाकरी-पिठलं किंवा पोहे, कुणाच्याही घरी आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर गरम मिळतं. इथून पुढं साम्रदपर्यंत दुकानाचा भरवसा नाही.

आणि इथंच घड्याळ बघावं. अकराच्या आत रतनवाडीला पोचलात तर पुढं जा. उशीर झाला असेल, पाऊस आडवा लागला असेल, किंवा सोबत्याचे पाय बोलायला लागले असतील, तर आल्या वाटेनं परत फिरा. फेरा अर्धा राहिला म्हणून कुणी हसत नाही.

रतनवाडी-साम्रद चढाला गिअर कमी पडला की माणूस उभं राहून पॅडल मारतो आणि दहा मिनिटांत संपतो. पुढची छोटी चकती 28-30 दात्यांची आणि मागची मोठी 32-34 दात्यांची असेल तर बसून, दमानं चढता येतं. बारीक टायरची रेसची सायकल इथं आणू नये. 32 मिलिमीटर किंवा त्याहून जाड टायर, हवा नेहमीपेक्षा थोडी कमी. मी स्वतः पुतण्याची गिअरची सायकल घेऊन हा फेरा केला आहे. दोन ठिकाणी उतरून ढकलली, यात लाज नाही. आमच्याकडची पोरं साध्या सायकली ढकलतच शाळेत जायची.

साम्रदला पोचलं की बरेच जण सांदण दरी बघायला निघतात. दोन्ही बाजूंना दोन-अडीचशे फुटांचे कडे आणि मधून अरुंद वाट. ती वेगळ्या दिवसाची गोष्ट आहे. पावसाळ्यात तर तिकडं फिरकूच नये, वर पाऊस झाला की खाली लोंढा येतो. सायकल आणि सांदण एका दिवसात उरकणाऱ्यांची परतीची वेळ हमखास अंधारात जाते.

घाटघर : वारा, धुकं आणि वीज

साम्रदहून घाटघरकडं रस्ता जरा सुखाचा आहे. हवा निवळ असली तर अलंग, मदन, कुलंग ही गडांची रांग दिसते. घाटघर म्हणजे सह्याद्रीची कड. कोकणातून आलेले ढग इथं एकदम वर उचलले जातात, थंड होतात आणि रिकामे होतात. म्हणून घाटघरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याच तालुक्याच्या अकोले गावात पाचशे-सहाशे. सायकलवाल्याला याचा अर्थ असा की शेंडीत ऊन आहे म्हणून घाटघरात ऊन असेल असं नाही. पावसाळ्यात धुकं इतकं उतरतं की पुढच्या माणसाचा मागचा दिवा दहा फुटांवर दिसेनासा होतो. वारा कड्यावरून वर येतो तो आडवा ढकलतो. कोकणकड्यावर सायकल घेऊन जाऊ नये, गावात लावून पायी जावं.

इथला घाटघर जलविद्युत प्रकल्पही समजून घेण्यासारखा आहे. 2008 साली सुरू झाला, क्षमता 250 मेगावॅट. वर घाटघरला एक तलाव, खाली ठाणे जिल्ह्यात दुसरा, मध्ये चारशे मीटरच्या आसपास पडाव आणि डोंगराच्या पोटात वीजघर. विजेची मागणी असते तेव्हा पाणी खाली सोडून वीज बनवतात. रात्री मागणी कमी झाली की तेच पाणी पंपानं परत वर चढवतात. चढवायला जास्त वीज लागते, मिळते कमी, तरी परवडतं, कारण ऐन गरजेच्या वेळी मिळते. सायकलवाल्यानंही तेच करावं. उतारावर दम साठवायचा आणि चढाला खर्चायचा. उतारालासुद्धा जोर मारत बसणारे पुढच्या चढाला तोंडावर आपटतात.

उताराचं खरं भय

चढ माणसाला फक्त दमवतो. हाडं मोडतात ती उताराला. आणि एकट्या सायकलवाल्याचीच मोडतात असं नाही. हा रस्ता वाड्यांच्या अंगणातून जातो. वळणापलीकडं गुरं असतात, आश्रमशाळेची पोरं असतात, डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या बाया असतात. गाडीचा आवाज येतो, त्या बाजूला होतात. सायकलचा आवाज येत नाही.

मागच्या एका पावसाळ्यात साम्रदच्या पुढं असंच झालं. पुण्याकडची दोन पोरं उतारानं आली. वळणावर एक म्हातारी भारा घेऊन चाललेली. पुढच्या पोरानं ब्रेक दाबले, ओल्या रिमवर धरले नाहीत, तिला वाचवायला म्हणून त्यानं सायकल डाव्या बांधावर घातली. म्हातारी भाऱ्यासकट खाली बसली, तिला खरचटलं नाही. पोराचं गळपट्टीचं हाड मोडलं. फोन लागेना. गावातल्या एका जीपवाल्यानं त्याला राजूरला पोचवलं, तोवर दीड तास गेला. पोरांकडं रोख पैसे नव्हते आणि रेंज नाही म्हणून यूपीआय चालेना. जीपवाला म्हणाला, राहू दे, नंतर बघू. त्याच्या डिझेलचे पैसे नंतर आले का, हे मी त्याला विचारलं नाही.

ब्रेकचं गणित सोपं आहे. रिमला घासणारे जुने ब्रेक ओले असले की पहिले दोन-तीन फेरे फक्त पाणी पुसतात, त्यानंतर धरतात. म्हणून वळणाच्या आधीच हलका ब्रेक लावून रिम कोरडी करून घ्यायची. डिस्क ब्रेक लवकर धरतात, पण सगळा उतार दाबूनच ठेवले तर तापतात आणि धरेनासे होतात. वळणाआधी दाबा, वळणात सोडा. पुढचा-मागचा दोन्ही वापरा, अंग मागं घ्या. नुसता पुढचा दाबला की तोंडावर, नुसता मागचा दाबला की घसरण. निघायच्या आधी रबराच्या पट्ट्या बघा, खाच दिसत नसेल तर बदला. शेंडीत सायकलचे सुटे भाग मिळतील या भरवशावर येऊ नका. दोन ट्यूबा, पंप, पंक्चरचं सामान, साखळी जोडायची कडी जवळ असावी.

आणि घंटी! महागाच्या सायकलींना घंटी नसते, हे मला अजून कळलेलं नाही. वीस रुपयांची बसवून घ्या आणि वळणावर वाजवा.

जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या आवणीचे दिवस. पॉवर टिलर आणि बैलं शेतातून रस्त्यावर येतात, त्यांच्याबरोबर चिखल येतो. त्यात शेणाची भर. त्यावर पाऊस पडला की डांबर साबणासारखं होतं. बांधावर सायकल टेकवून फोटो काढणं टाळावं, बांध फुटला की खाचरातलं पाणी जातं आणि तो परत घालायला अर्धा दिवस मोडतो.

केव्हा यावं

मला विचाराल तर दसरा ते डिसेंबर. पाऊस थांबलेला, ओहोळ वाहते, रस्त्याच्या कडेला सोनकी पिवळी झालेली, खाचरात भात पिवळा पडलेला. हवा थंड, धुकं सकाळपुरतं. नोव्हेंबरात काळभाताची कापणी चालू असते. घरचा तांदूळ विकत मिळतो, पण सायकलवर दोन किलोच न्या, बाकीचा पार्सलनं मागवा.

मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजवे असतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ या झाडांवर नर-मादी एकमेकांना उजेडानं खुणावतात. बाहेरचा उजेड पडला की त्यांची खूण चुकते, म्हणून वनविभाग दरवर्षी वाहनांच्या वेळेचे आणि दिव्यांचे नियम लावतं. या दिवसांत शनिवारच्या रात्री रिंगरोडवर गाड्यांची रांग लागते. अंधारात दिवा लावला तर काजव्यांना त्रास, नाही लावला तर तुम्ही गाडीखाली. सायकल त्या रात्री खोलीतच ठेवा आणि सकाळी लवकर काढा, रस्ता मोकळा असतो.

फेब्रुवारीनंतरचं मात्र नीट सांगायला हवं. ऊन कडक होतं, झाडं झडतात, ओहोळ आटतात. जलाशयात पाणी दिसतं, पण ते खाली, आणि वाड्या वर. इथलं पाणी कालव्यांनी खाली अकोले, संगमनेरकडं आणि पुढं जातं. काही वाड्यांमधल्या बाया मात्र उन्हाळ्यात हंडे घेऊन लांबच्या झऱ्यावर जातात. एप्रिलात मी एका वाडीत पाणी मागितलं. आजीनं आत जाऊन तांब्या आणला, मी प्यालो, मग दोन बाटल्या पुढं केल्या. तिनं त्याही भरल्या. हंडा तिरका करून भरल्या, तेव्हा माझ्या लक्षात आलं की तळ लागलाय. माणूस मागेल तर इथं कुणी नाही म्हणत नाही. म्हणून ऑगस्टमध्ये कुठंही पाणी मागा, पण उन्हाळ्यात शेंडीहूनच तीन-चार लिटर भरून निघा. वजन होतं, हे खरं आहे.

सोबत काय असावं ते बोलता बोलता बरंच आलं. राहिलं ते असं : पाचशे-हजार रुपये रोख, सुटे असलेले बरे. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवलेला. दिवसासुद्धा मागचा लाल दिवा चालू. कोरड्या पिशवीत एक कोरडा शर्ट, कारण घाटघरच्या वाऱ्यात भिजून थांबलं की अंगात हुडहुडी भरते आणि हात ब्रेक दाबत नाहीत. मीठ-साखर. रेंज सापडेल तिथून 108 लावता येतो, पण गाडी डोंगरातून यायला वेळ लागतो, तोवर गावातली जीपच खरी. एकट्यानं हा फेरा करू नये. तिघं असले तर उत्तम, एक जखमी, एक त्याच्याजवळ, एक मदत आणायला.

घाटघरहून परत फिरलं की उडदावण्यापर्यंत चढ-उतार चालूच राहतात. बहुतेकांना वाटतं आता नुसता उतार. तसं नाही. पांजऱ्याच्या आसपास मांड्यांत गोळे येतात ते याच गैरसमजानं. तिथं थांबून चहा घ्यावा, भुईमुगाच्या शेंगा मिळाल्या तर खाव्यात. चारच्या आत पांजरं सोडलं तर मुरशेतवरून उजेडात शेंडी गाठता येते. संध्याकाळ झाली असेल, दिवा मंद असेल, तर घाटघर किंवा उडदावण्यातच कुणाच्या तरी पडवीत मुक्काम करावा किंवा सायकल जीपच्या टपावर टाकून यावं. भाडं आधी ठरवा. अंधारात या रस्त्यावर बिबट्यापेक्षा मोकळी गुरं जास्त असतात, रस्त्याच्या मधोमध बसलेली, आणि काळी.

शेंडीत पोचल्यावर नाक्यावर परत आल्याचं सांगा. नाहीतर तुम्ही घरी जाऊन झोपलेले असता आणि इथली पोरं बॅटऱ्या घेऊन रतनवाडीच्या रानात तुम्हाला शोधत असतात.